जोर, जोड आणि उतार

जुन्या डिझेल पिकअपच्या मागे जड ट्रेलर जोडणारा माणूस तो हौसेखातर जोडत नाही. त्याच्याकडे खडक फोडायचा कॉम्प्रेसर असतो, मांडवाला वीज पुरवणारा जनरेटर असतो, स्लॅबसाठी काँक्रीट वर चढवणारा पंप असतो. ही सगळी यंत्रं चाकांवर बसवलेली, पण स्वतःच्या पायांनी न चालणारी. मोठी लॉरी रोजच्या भाड्याला परवडत नाही, ट्रॅक्टर शहरात सगळीकडे नेता येत नाही, आणि दारात पंधरा-वीस वर्षांची, कर्ज फिटलेली, प्रत्येक बोल्टाची ओळख असलेली गाडी उभी असते. मग तिच्या मागच्या आडव्या पट्टीला एक हुक वेल्ड होतो. चढावर गाडी दमायला लागली की डिझेल वाढवून घेतलं जातं, पाट्यांत एक जादा पाटा घातला जातो, पैसे असतील तर टर्बोही बसतो. यातला प्रत्येक निर्णय त्या-त्या दिवशी शहाणपणाचा वाटतो. हे सगळे निर्णय एकत्र घाटात उतरतात तेव्हा काय होतं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

हे पुस्तक बंगळूरच्या बसवनगुडीत तयार झालं, यात नवल नाही. बाहेरच्यांना बसवनगुडी म्हणजे गांधी बाजारातली फुलं, डोसा, आणि बुल टेंपल रोडवरचा एकसंध पाषाणातला प्रचंड नंदी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या साथीनंतर मोकळ्या हवेत आखून वसवलेली ही वस्ती. पण इथून थोडं उत्तरेला गेलं की जे. सी. रोड लागतो आणि त्याच्या दुतर्फा मोटारीच्या सुट्या भागांची दुकानं सुरू होतात. पुढे कलासीपाळ्य, म्हणजे लॉऱ्यांचं आणि वाहतूक कचेऱ्यांचं जुनं ठाणं. पूर्वेला लालबागेपलीकडे अडुगोडी, जिथे 1951 साली स्थापन झालेल्या 'मायको'चा कारखाना उभा राहिला. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळापाशी कडलेकाई परिषे ही शेंगांची जत्रा भरते. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून भुईमुगाच्या शेंगांची पोती येतात, रस्ताभर ढीग लागतात. पूर्वी बैलगाडीने येणारी ती पोती आता टेम्पो आणि पिकअपमधून येतात. शेतमाल, गाड्या, सुटे भाग आणि कसबी हात इतक्या जवळ नांदणारी जागा दक्षिणेत दुसरी चटकन आठवत नाही.

मायकोची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण जुन्या डिझेल गाडीत बदल करता येतो तो मुख्यतः तिच्या पंपामुळे. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने जर्मनीत 1927 साली डिझेल इंजिनासाठी इंधनपंपाचं मोठं उत्पादन सुरू केलं, आणि तिथून डिझेल इंजिन कारखान्यातून रस्त्यावर आलं. भारतात ते काम मायकोने केलं. मोटर इंडस्ट्रीज कंपनी हे पूर्ण नाव फार थोड्यांना ठाऊक असेल, पण 'मायको पंप' हे शब्द सोलापूरपासून सेलमपर्यंत प्रत्येक मिस्त्रीच्या तोंडी बसले. कंपनीने 2008 मध्ये बॉश हे नाव घेतलं, तरी गॅरेजमध्ये पंपाला अजून मायकोच म्हणतात. टाटांच्या लॉऱ्या, महिंद्रांच्या जीपगाड्या, पुण्याच्या बजाज टेम्पोचे मॅटाडोर आणि ट्रॅक्स या सगळ्यांच्या पिढ्या अशा यांत्रिक पंपांवर धावल्या.

यांत्रिक पंपात संगणक नाही. प्रत्येक सिलिंडरला प्रत्येक फेरीत किती डिझेल जावं याची कमाल मर्यादा एका स्क्रूने बांधलेली असते. कारखान्यात किंवा कॅलिब्रेशनच्या दुकानात तो लावून सील केला जातो. सील तोडून स्क्रू फिरवला की डिझेल वाढतं, आणि हवा पुरेशी असेल तर जोर वाढतो. खर्च नगण्य. यापेक्षा स्वस्तात ताकद विकत देणारं काम मोटारीच्या सगळ्या धंद्यात नाही, आणि म्हणूनच ते इतकं मोहाचं आहे. आजच्या कॉमन रेल इंजिनात हेच काम करायला लॅपटॉप लागतो, आणि डोकं ठिकाणावर असलेला ट्यूनर लागतो. जुन्या इंजिनात स्क्रूड्रायव्हर पुरतो.

इथे बंगळूरचा स्वतःचा एक मुद्दा येतो. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवा किनाऱ्यापेक्षा साधारण आठ-साडेआठ टक्के विरळ असते. टर्बो नसलेल्या इंजिनाला प्रत्येक श्वासात तेवढी हवा कमी मिळते. मुंबईत किंवा मंगळुरात नीट चालणारी गाडी इथे आणली की भार पडताच काळा धूर मारते, कारण पंप समुद्रकाठच्या हवेच्या हिशोबाने डिझेल देतो आणि ते पूर्ण जळायला प्राणवायू पुरत नाही. अशा गाडीचं डिझेल इथे आणखी वाढवलं तर जोर थोडाच वाढतो, धूर आणि उष्णता मात्र बेहिशोबी वाढते. चांगला पंपवाला हे जाणतो. तो आधी एअर फिल्टर बघतो, नोझल तपासतो, मग पंपाला हात लावतो. टर्बो बसवण्यामागचं खरं कारणही हेच आहे. टर्बोने हवा वाढते, आणि वाढलेल्या डिझेलला जळायला जागा मिळते. हवा आधी, डिझेल नंतर. हा क्रम उलटवणाऱ्यांची इंजिनं लवकर उघडावी लागतात. डिझेल इंजिनात जास्तीचं डिझेल गेलं की बाहेर पडणाऱ्या वायूंचं तापमान चढत जातं. ते 700 अंश सेल्सियसच्या वर सतत राहिलं तर पिस्टन आणि टर्बो दोन्ही धोक्यात येतात. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. पिस्टनच्या माथ्याला थोडंफार थंड ठेवायला ऑइल आणि भोवतीची सिलिंडरची भिंत असते, म्हणून तो एकदम वितळत नाही, पण लांब चढावर त्या दोघांचीही क्षमता संपते. एक्झॉस्टमध्ये तापमानाची सुई बसवणं हा टर्बोच्या खर्चापुढे अगदी किरकोळ खर्च आहे. तरी टर्बो बसलेल्या आणि सुई नसलेल्याच गाड्या जास्त दिसतात.

आता थोडं गणित. एका जुन्या पिकअपचं वजन मालासकट 2,500 किलो धरू आणि मागच्या ट्रेलरचंही तेवढंच. एकूण पाच टन. सहा टक्क्यांचा चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर सहा मीटर वर. चाकांचा रस्त्याशी होणारा विरोध मिळवला तर या गाडीला ताशी 40 किलोमीटरने चढवायला चाकांपाशी सुमारे 53 अश्वशक्ती लागते. 2,523 सीसीच्या जुन्या महिंद्र पिकअपचं इंजिन 63 अश्वशक्तीचं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधली घट वजा केली तर चाकांपाशी जवळजवळ तेवढीच पोचते. म्हणजे पाच टन, सहा टक्के चढ आणि ताशी 40 ही या गाडीची शेवटची रेषा. ती पूर्ण जोर लावून, मिनिटामागून मिनिट, रेडिएटर उकळायच्या बेतात असताना हे काम करते. मालकाला वाटतं, अजून तीस अश्वशक्ती असती तर बरं झालं असतं. ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे, आणि पुष्कळ गॅरेजं ती पूर्ण करून देतात.

आता हाच रस्ता उलट्या दिशेने उतरू. पाच टन, सहा टक्के उतार, ताशी 40. गुरुत्वाकर्षण आता ढकलतंय, आणि चाकांचा विरोध वजा करूनही सुमारे 35 अश्वशक्ती कुठेतरी जिरवावी लागते. आठ किलोमीटरचा उतार असला तर सलग बारा मिनिटं. डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेत पेट्रोल इंजिनासारखा झडपेचा अडसर नसतो, त्यामुळे पाय काढल्यावर ते फारसं रोखत नाही. खालचा गिअर घातला तर रोखतं, एक्झॉस्ट ब्रेकची झडप असली तर बरंच रोखतं, पण ती झडप लॉऱ्यांना असते, पिकअपला क्वचितच. उरलेलं सगळं ब्रेकच्या लायनरवर येतं. आणि ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल तर पिकअपचे चार ड्रम किंवा डिस्क पाच टनांचं ओझं एकट्याने पेलतात. त्यांची रचना मात्र फक्त पिकअपच्या वजनासाठी झालेली असते. ड्रम तापून फुगतो, लायनर चिकटेनासा होतो, आणि शेवटी ब्रेक ऑइलच उकळतं. डॉट-3 प्रतीचं ऑइल नवं असताना किमान 205 अंशांपर्यंत टिकावं असा दंडक आहे. त्याने ओलावा शोषला की तीच मर्यादा 140 अंशांवर येते. उकळलेल्या ऑइलात बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले की पेडल जमिनीला टेकतं. दोन-तीन वर्षं न बदललेलं ऑइल घेऊन घाटात जाणाऱ्या गाड्या रोज दिसतात.

या दोन हिशोबांत या विषयाचं मर्म आहे. ताकद वाढवली की गाडी चढ वेगाने चढते. वेगाने चढणारा माणूस उतारही वेगाने उतरू लागतो. ताशी 40 ऐवजी 60 ने जाणाऱ्या त्याच पाच टनांत थांबवण्याजोगी ऊर्जा सव्वादोन पट असते, आणि ती थांबवणारे ड्रम, लायनर, ऑइल जुनेच. गाडीत सुधारणा होते ती जिथे जाणवते तिथे, म्हणजे ॲक्सिलरेटरच्या पायाखाली. जिथे ती हवी असते तिथे ती झाल्याचं कुणाला जाणवतही नाही. म्हणून मला ठामपणे वाटतं की जुन्या पिकअपने ट्रेलर ओढायचा असेल तर खर्चाचा क्रम उलटा हवा. आधी ट्रेलरला ब्रेक, मग पिकअपचे ब्रेक, मग रेडिएटर आणि पंखा, मग टायर आणि पाटे, मग क्लच. इंजिन सगळ्यात शेवटी. पुष्कळदा शेवटापर्यंत येईतो कळतं की इंजिन होतं तेवढं पुरेसं होतं, आणि चढावर पाच मिनिटं जास्त लागली तरी काही बिघडत नाही.

बंगळूरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या चालकांना धर्मपुरी आणि सेलम यांच्यामधला तोप्पूर घाट सांगावा लागत नाही. लांब आणि फसवा उतार. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून सोडलेल्या जड गाड्या तिथे अनेकदा ब्रेक गमावतात. उत्तरेकडे पुण्याच्या वाटेवर निपाणीजवळचा तवंदी घाट आणि पुढचा खंबाटकी मराठी चालकांच्या ओळखीचे. या घाटांत गिअर कोणता असावा याचं उत्तर सोपं आहे: ज्या गिअरमध्ये तेवढाच चढ चढला असता त्याच्याही एक खालचा, आणि तो उतार सुरू होण्याआधी घातलेला. उतारावर गाडी सुटल्यावर खालचा गिअर पडत नाही.

ब्रेकनंतर जोड. हुकाबद्दल पुष्कळ लोक फक्त एवढंच विचारतात की तो तुटेल का. तो तुटू नये हे खरंच, आणि त्यासाठी चासीच्या आडव्या पट्टीला थेट वेल्ड करण्यापेक्षा दोन्ही लांब पट्ट्यांना बोल्टने घट्ट बसवलेली चौकट चांगली, कारण वेल्डच्या कडेला लोखंड ठिसूळ होतं आणि तडा तिथूनच सुरू होतो. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न हा की हुकावर खाली किती वजन पडतं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के वजन जोडावर असावं, असं अनेक जाणकार सांगतात. अडीच टनांच्या ट्रेलरला म्हणजे 250 किलो किंवा जास्त. ते हुकावर, मागच्या ॲक्सलच्याही मागे पडतं. गाडीच्या दोन ॲक्सलमधलं अंतर तीन मीटर आणि हुक मागच्या ॲक्सलपासून 1.2 मीटर मागे असेल तर मागच्या चाकांवर 350 किलो वाढतात आणि पुढची चाकं 100 किलोने हलकी होतात. स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळे. जादा पाटा घालून मागचा भाग वर उचलला की गाडी सरळ दिसते, पण पुढच्या चाकांवरचं वजन परत येत नाही.

याउलट जोडावर वजन कमी असेल, माल ट्रेलरच्या मागच्या टोकाला लादला असेल, तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. डोल एकदा सुरू झाला की स्टिअरिंग फिरवून तो सावरायला जाणं घातक ठरतं. स्टिअरिंग सरळ धरावं, पाय हळू काढावा, ट्रेलरचा स्वतंत्र ब्रेक असेल तर तोच तेवढा लावावा. बैलगाडी भरणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नव्हतं. मागे जास्त भरली की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त भरली की जू मानेवर बसतं आणि बैल दमतात. म्हणून मानेवर थोडाच भार राहील अशी पोती रचायची, हे ज्ञान प्रत्येक गावात होतं. ट्रेलरच्या बाबतीत ते हरवलं, कारण इंजिनाची मान दुखते हे कुणाला दिसत नाही.

जड ओझं आणि ते ओढणारं बळ यांचं गणित चुकल्याची मोठी उदाहरणं याच प्रदेशाच्या इतिहासात आहेत. म्हैसूरच्या हैदर अली आणि टिपूच्या तोफा चपळाईने हलायच्या त्या अमृत महल जातीच्या बैलांमुळे. मार्च 1791 मध्ये इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने बंगळूरचा किल्ला घेतला आणि तो श्रीरंगपट्टणाकडे निघाला. मे महिन्यात तिथे पोचेपर्यंत त्याचे ओढकाम करणारे बैल इतके मेले होते की लढाई जिंकूनही वेढ्याच्या जड तोफा त्याला स्वतःच्या हाताने निकामी करून टाकाव्या लागल्या आणि माघार घ्यावी लागली. माघारीच्या वाटेवर त्याला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा भेटल्या. त्यांच्याबरोबरच्या बाजारात धान्य होतं, बैल होते. इंग्रज फौज त्यावर तगली. युद्धाच्या पुस्तकांत तोफांची नावं असतात, बैलांची संख्या तळटीपेत जाते. मला तरी त्या मोहिमेचा सगळ्यात बोलका भाग तोच वाटतो.

आपल्या काळातलं सगळ्यात मोठं ओढकाम मात्र सैन्याचं नाही, ते उसाचं आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव या पट्ट्यात गाळप हंगामात संध्याकाळी रस्त्यावर आलं की एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्हींवर मोळ्यांचा डोंगर, अशी रांग दिसते. ट्रॉल्यांना बहुतेकदा ब्रेक नसतो, मागचा दिवा असलाच तर मोळ्यांआड गेलेला असतो, आणि चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात. रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीवर अंधारात मागून मोटारसायकल आदळल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. हे सांगताना ट्रॅक्टरवाल्याला दोष द्यायचा माझा हेतू नाही. त्याला खेपेचे पैसे टनावर मिळतात. कारखान्याच्या दारात तास न् तास थांबायचं, आणि पुन्हा फड गाठायचा. टनावर मोजलेल्या मजुरीत ब्रेकला जागा नसते. हीच अडचण शहरात कॉम्प्रेसर ओढणाऱ्या पिकअपवाल्याचीही आहे, फक्त ती उसाइतकी डोळ्यांत भरत नाही. बंगळूरला जड वाहतुकीचं टोकाचं रूपही पाहायला मिळालं. तमिळनाडूतल्या वंदवासीजवळून एजीपुऱ्याच्या देवळासाठी कोरलेला विष्णुमूर्तीचा अखंड पाषाण 240 टायरांच्या ट्रेलरवरून 2018 च्या अखेरीस निघाला आणि शहरात पोचायला पुढच्या वर्षाचा मध्य उजाडला. वाटेत टायर फुटले, रस्त्याकडेची बांधकामं पाडावी लागली, पर्यायी कच्चे रस्ते करावे लागले. तिथेही प्रश्न ओढण्याचा कमी आणि खालच्या जमिनीचा जास्त होता.

अमेरिकेत जुनी डिझेल पिकअप हा जवळजवळ एक वेगळा धर्म आहे. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे 1989 पासून कमिन्सचं बी मालिकेतलं 5.9 लिटरचं सहा सिलिंडरांचं इंजिन घेऊन आलेली डॉज. 1994 ते 1998 मधल्या गाड्यांत बॉशचा पी-7100 हा लाइन पंप होता, आणि त्यात बदल करणाऱ्यांची आजही तिथे रीघ आहे. आपल्या वाचकांना याची एक ओळखीची बाजू आहे. टाटा आणि कमिन्स यांनी 1993 मध्ये जमशेदपूरला जी भागीदारी सुरू केली, तिथे याच बी मालिकेची इंजिनं टाटांच्या लॉऱ्यांसाठी बनू लागली. म्हणजे टेक्सासात घोड्यांचा ट्रेलर ओढणारं इंजिन आणि कलासीपाळ्यात कांद्याची पोती घेऊन उभ्या असलेल्या लॉरीचं इंजिन ही दोन्ही एकाच कुळातली. फरक आहे तो गाडीच्या बाकीच्या भागात. तिथल्या पिकअपला ट्रेलरचे विद्युत ब्रेक चालकाच्या हाताशी असतात. आणि किती ओढता येईल याचा आकडा ठरवायला 2008 मध्ये सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनीअर्सने जे-2807 हा दंडक आखला. त्यात गाडीला ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा साधारण अठरा किलोमीटरचा चढ किमान 38 अंशांच्या उन्हात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, ट्रेलरसकट ठरावीक वेगाने चढावा लागतो. बारा टक्क्यांच्या चढावर जागेवरून पुन्हा पुन्हा सुटावं लागतं. त्याआधी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने आकडा छापत होती. युरोपात नियम याहून साधा आणि माझ्या मते जास्त शहाणा: 750 किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचा ब्रेक हवाच.

आपल्याकडच्या पिकअपच्या माहितीपत्रकात मागच्या हौद्यात किती माल भरता येईल हे ठळक छापलेलं असतं. मागे किती ओढता येईल हा आकडा सहसा सापडत नाही. त्यामुळे हुक लावणारा प्रत्येक माणूस स्वतःच अभियंता होतो. कायद्याची चौकट मात्र आहे, आणि ती वाटते तितकी ढिली नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन धरलं जातं. त्याची नोंदणी लागते, विम्यातही त्याचा समावेश करून घ्यावा लागतो. अपघातानंतर पहिला प्रश्न नोंदणी आणि विम्याचाच निघतो. त्याच कायद्याचं कलम 52 गाडीत परवानगीशिवाय बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात ते कडक अर्थाने वाचलं. ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून मालवाहू वाहन होतं का, हा वाद कर्नाटकातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 2005 च्या नटवर पारीख खटल्यात न्यायालयाने होय म्हटलं. चालकाच्या परवान्याचा घोळ तर आणखी लांबला. ट्रॅक्टर चालवण्याचा परवाना ट्रेलर जोडल्यावर निरुपयोगी होत नाही, हे 2001 मध्ये कर्नाटकातल्याच नागशेट्टी खटल्यात ठरलं. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर साडेसात टनांखालची मालवाहू गाडी चालवता येते, हे 2017 मध्ये सांगितलं गेलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठाने कायम केलं. पिकअप-ट्रेलरवाल्याने हे निकाल वकिलासाठी नव्हे, स्वतःसाठी समजून घ्यावेत. कायद्याचं वेगळं प्रकरण त्यासाठीच दिलं आहे.

हे पुस्तक कोणासाठी, याचंही उत्तर द्यायला हवं. जे. सी. रोडवरच्या आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या मिस्त्रींना यातलं बरंच काही आधीच माहीत आहे. ते कन्नड, दखनी, तमिळ आणि थोडी मराठी मिसळून बोलतात, आणि ड्रम तापल्याचा वास दहा हातांवरून ओळखतात. पण त्यांचं ज्ञान विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. गिऱ्हाईक येतं ते 'जोर वाढवून द्या' म्हणत. ट्रेलरच्या बेअरिंगला ग्रीस कधी भरलं, असं कुणी विचारलं तर त्याला ते वेळ काढणं वाटतं. मराठीत शेतीच्या यंत्रांवर पुस्तकं आहेत, मोटार दुरुस्तीवर आयटीआयची पाठ्यपुस्तकं आहेत. गाडीला मागून जोडलेल्या गोष्टीबद्दल मात्र माझ्या पाहण्यात काही नव्हतं. ती उणीव या पुस्तकाने भरून निघावी असं मनापासून वाटतं. ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे आणि ज्याच्या नावावर गाडी आहे, अशा दोघांनी ते वाचावं. पुष्कळदा हे दोघे वेगवेगळे असतात, आणि ब्रेकचा खर्च टाळणारा माणूस घाटात गाडीत नसतो.

पहिलं प्रकरण इंजिनापासून नाही, वजनकाट्यापासून सुरू होतं, आणि ही निवड मला अचूक वाटली. कुठलाही बदल करण्याआधी गाडी आणि ट्रेलर काट्यावर न्यावेत. आधी नुसती पिकअप काट्यावर चढवावी आणि वजन लिहून घ्यावं. मग ट्रेलर जोडून, पिकअपची चारही चाकं काट्यावर आणि ट्रेलरची चाकं काट्याबाहेर ठेवून पुन्हा वजन करावं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे जोडावर पडणारं वजन. मग ट्रेलरही काट्यावर घेऊन एकूण वजन लिहावं. शेवटी फक्त पिकअपची मागची चाकं काट्यावर ठेवून मागच्या ॲक्सलचं वजन घ्यावं आणि ते टायरच्या कडेवर छापलेल्या भारक्षमतेशी ताडून पाहावं. अर्ध्या तासात होणारं, चहापाण्याच्या खर्चात बसणारं हे काम आहे. या चार आकड्यांनंतर डिझेल वाढवायचं की नाही, जादा पाटा घालायचा की नाही, हे प्रश्न अंदाजावर राहत नाहीत. आकडे जास्त आले तर माल कमी करता येतो, पुढे-मागे सरकवता येतो किंवा दोन खेपा करता येतात. त्यातली कुठली वाट कधी घ्यावी, हे पुढच्या पानांत उदाहरणांसह सांगितलं आहे. वाचकाने तिथवर जाताना स्वतःच्या गाडीचे हे चार आकडे एका कागदावर लिहून शेजारी ठेवावेत.